गोठविलेल्या रक्तांतील निरोप

(नभोवाणीवरील भाषण)

थंडींत ठेविलेला पदार्थ टिकतो, ही गोष्ट घरोघरीं ठाऊक आहे. वैशाखांत हिंगोली, वसमत, कळमनुरी या बाजूला पारा चाळीस अंशांच्या वर चढला, म्हणजे सकाळचें दूध नासूं नये म्हणून गृहिणी तें शीतकपाटांत ठेवते आणि संध्याकाळीं तें तिला चांगलें मिळतें. या नित्याच्या अनुभवावरून असा समज रूढ झाला आहे कीं, थंडी हा नाशावरील रामबाण उपाय असून, जितकी थंडी अधिक तितका पदार्थ निर्धास्त. हा समज निम्माच खरा आहे, आणि उरलेला निम्मा भाग वैद्यकाच्या कामांत मोठा घात करतो.

मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांत धान्यासाठीं बळद असे. जाणता शेतकरी ज्वारी उन्हांत खणखणीत वाळवून, पाखडून, मगच बळदांत भरी. कारण ओला दाणा आंत गेला तर शेजारचे चार दाणेहि कुजणार, हें त्याला माहीत होतें. बळद धान्य राखतें, सुधारीत नाहीं. जसें आंत गेलें त्याहून चांगलें तें बाहेर येणें शक्य नाहीं. रक्ताचे नमुने वर्षानुवर्षें गोठवून ठेवणाऱ्या आजच्या शास्त्रीय कोठारांनाहि हाच न्याय लागू पडतो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. जिल्हा लहान, त्यामुळें कित्येक सूक्ष्म परीक्षांसाठीं येथील रुग्णांचे नमुने बाहेरगांवच्या प्रयोगशाळांकडे पाठविले जातात. हा प्रवास किती मोलाचा असतो, हें सन २०२० च्या एप्रिल महिन्यांत सर्व जिल्ह्याला कळून चुकलें. मालेगांव व मुंबई येथील बंदोबस्त आटोपून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या कांहीं जवानांना करोनाची बाधा झाल्याचें त्या वेळीं निष्पन्न झालें. त्यांच्या घशांतील स्राव जिल्ह्याबाहेरच्या प्रयोगशाळेंत गेला होता, आणि तेथून काय उत्तर येतें याकडे घरोघरचे कान लागले होते. त्या स्रावांत शोधावयाची वस्तु होती आर. एन. ए. नांवाचें एक आम्ल. असा नमुना वाटेंत थंड राखावा लागतो, तो याच आम्लाच्या नाजूकपणामुळें. रक्ताच्या नमुन्याची गोष्ट त्याहूनहि अवघड आहे. कारण तो पुष्कळदां आजच्या परीक्षेसाठीं नव्हे, तर दहा-वीस वर्षांनीं कोणी विचारील त्या प्रश्नासाठीं जपून ठेवावयाचा असतो.

हें आम्ल म्हणजे काय, तें प्रथम पाहिलें पाहिजे. प्राणिमात्राच्या पेशींत डी. एन. ए. आणि आर. एन. ए. अशीं दोन आम्लें असतात. तहसील कचेरींत जमिनीचें मूळ दप्तर असतें. तें कोणी बाहेर नेत नाहीं. त्यांतून जरूर तेवढा उतारा काढला जातो, तो कामाच्या जागीं जातो, आणि काम झालें म्हणजे त्याची गरज संपते. डी. एन. ए. हें पेशीचें मूळ दप्तर होय, आणि आर. एन. ए. हा त्यांतून निघालेला उतारा किंवा निरोप होय. दप्तर जन्मभर बहुतेक तेंच राहतें. निरोप मात्र घटकेघटकेला बदलतात. ज्वर आला, उपास घडला, औषध पोटांत गेलें, कीं पेशी निराळे निरोप धाडूं लागतात. म्हणून मनुष्याच्या अंगीं कोणते दोष जन्मतः आले आहेत, हें दप्तरावरून कळेल. पण त्याच्या शरीरांत आज काय घडत आहे, हें जाणावयाचें तर निरोपच वाचले पाहिजेत. शिवाय करोना, चिकुनगुन्या, डेंग्यू, एच. आय. व्ही. या विषाणूंचें तर मूळ दप्तरच आर. एन. ए.चें असतें.

निरोप काम झाल्यावर नाहींसा व्हावा, याची तजवीज निसर्गानें त्याच्या घडणींतच करून ठेविली आहे. आर. एन. ए.च्या साखळींत जे शर्करेचे दुवे असतात, त्या प्रत्येकावर ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक जोडी अधिक असते, डी. एन. ए.मध्यें त्या जागीं ती नसते. ही जोडी जवळच्या सांध्यावर उलटून साखळी तोडूं शकते. म्हणजे शत्रु घरांतलाच आहे. त्याच्या जोडीला बाहेरचा शत्रु म्हणजे रायबोन्यूक्लिएज नांवाचें विकर. हें रक्तांत असतें, घामांत असतें, बोटांच्या कातडीवर असतें. त्याची चिकाटी विलक्षण आहे. त्याची एक जात तर अशी कीं, उकळत्या पाण्यांतून काढून निवूं दिली, तरी पुन्हा आपली घडी बसवून कामाला लागते. या विकराच्या घडीचें रहस्य उलगडणारे अमेरिकन शास्त्रज्ञ क्रिश्चन अॅन्फिन्सेन हे १९७२ च्या रसायनशास्त्रांतील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. प्रयोगशाळेंतील मनुष्य हातमोजे घालतो, तो स्वतःच्या रक्षणासाठीं तर खराच. पण त्याच्या हातांपासून नमुन्याचें रक्षण व्हावें, हाहि त्यांतील एक हेतु असतो.

आतां रक्ताकडे वळूं जातां आणखी एक अडचण दिसते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत तांबड्या पेशी सुमारें ५० लक्ष असतात, आणि पांढऱ्या पेशी अवघ्या ४ ते ११ हजार. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशींत केंद्र नसतें, म्हणजे दप्तरच नसतें. रोगाशीं झगडणाऱ्या पांढऱ्या पेशींतच वाचण्याजोगे विविध निरोप सांपडतात. उलटपक्षीं, नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशी रक्तरंजक घडविण्याचा एकच निरोप इतक्या प्रतींनीं बाळगतात कीं, बाजारांतील गलक्यांत हलकें बोलणें बुडावें, तसे इतर निरोप त्यांत बुडून जातात. थोडक्यांत, जें हवें तें रक्तांत थोडें, आणि त्याचा वैरी मात्र मुबलक.

रक्त शिरेंतून कांचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळींत आलें म्हणजे तें तत्काळ निर्जीव होतें, असें मुळींच नाहीं. त्यांतील पेशी जिवंत असतात. आपण देहाबाहेर पडलों, ऊब बदलली, पोषण थांबलें, हें त्यांना जाणवतें, आणि त्या नवे निरोप काढूं लागतात. जुने निरोप झिजत असतात. अशा रीतीनें कांहीं तासांतच नळींतील मजकूर रुग्णाच्या देहांतील मजकुराहून भिन्न होतो. दोन रुग्णांची कल्पना करावी. एकाचें रक्त शहरांतील रुग्णालयांत काढून शेजारच्याच प्रयोगशाळेंत पोंचलें. दुसऱ्याचें सेनगांवच्या एखाद्या खेड्यांत काढून भर उन्हाळ्यांत पांच-सहा तासांचा मोटारीचा प्रवास करून आलें. पुढें दोन्ही नळ्या सारख्याच थंडींत वीस वर्षें ठेविल्या, तरी त्यांतील फरक पुसला जात नाहीं. वीस वर्षांनंतरचा संशोधक हा फरक पाहून शहरी आणि खेडवळ मनुष्याच्या प्रकृतींत भेद आहे असा सिद्धांत मांडील. आणि भेद असेल केवळ मोटारीच्या प्रवासाचा.

यानंतर थंडीचा प्रश्न येतो. घरच्या शीतकपाटांतील बर्फाच्या खणांत शून्याखालीं सुमारें १८ अंश थंडी असते. तेवढ्या थंडींत झीज मंदावते, पण थांबत नाहीं. म्हणून दीर्घकाळच्या सांठ्यासाठीं शून्याखालीं ८० अंशांचीं विजेवर चालणारीं कपाटें वापरतात, आणि त्याहूनहि अधिक निश्चिति हवी तेथें शून्याखालीं १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन वापरतात. एवढ्या थंडींत विकरें जवळजवळ निश्चेष्ट पडतात. पण गोठतांना पाण्याचे अणकुचीदार स्फटिक होतात आणि ते पेशींचे पापुद्रे फाडतात. जोंवर सर्व गोठलेलें आहे, तोंवर चोर आणि धन एकाच घरांत असूनहि चोराचे हात बांधलेले असतात. नळी बाहेर काढून वितळूं दिली, कीं त्याचे हात मोकळे होतात, आणि फुटलेल्या पेशींतून उघडे पडलेले निरोप त्याच्या तावडींत सांपडतात. सारांश, नुसत्या रक्ताचा घात गोठून राहण्याच्या वर्षांत जितका होतो, त्याहून अधिक वितळण्याच्या मिनिटांत होतो. वीस वर्षें सुखरूप राहिलेला नमुना एका दुपारच्या निष्काळजीपणानें वायां जाऊं शकतो. आणि पुनःपुन्हा वितळवून गोठविलेल्या नमुन्याची तर प्रत्येक खेपेस नवी हानि होते.

यावर शास्त्रज्ञांनीं दोन उपाय काढले. पहिला असा कीं, रक्त काढतांच तें अशा द्रवांत मिळवावें, कीं जो पेशी फोडून विकरांना निकामी करील आणि निरोपांना सुरक्षित करील. पॅक्सजीन नांवाची नळी या कामीं प्रसिद्ध आहे. तींत सुमारें ७ मिलिलिटर द्रव भरलेला असतो आणि त्यांत अडीच मिलिलिटर रक्त घेतात. रक्त आणि द्रव एकजीव व्हावें म्हणून नळी आठ-दहा वेळां हलकेच उलटीसुलटी करावी लागते. हें साधें काम राहून गेलें, तर पुढची सर्व थंडी व्यर्थ. असें रक्त साधारण १८ ते २५ अंशांच्या उष्णतेंत तीन दिवस आणि शीतकपाटांत पांच दिवस टिकतें. हिंगोलीच्या उन्हाळ्यांत खोलीची उष्णता २५ अंशांवर राहत नाहीं, हें येथें विसरतां कामा नये. गोठवितांनाहि आधीं नळ्या तारेच्या घोडींत उभ्या ठेवून शून्याखालीं २० अंशांत एक दिवस ठेवतात, आणि मग अधिक थंडींत नेतात; नाहींतर नळ्या तडकण्याची भीति असते. इतकी काळजी घेतलेले नमुने अनेक वर्षांनंतरहि उपयोगी पडतात, असा अनुभव आहे.

दुसरा उपाय ज्यांच्याजवळ जुन्या काळचें, कोणताहि रक्षक द्रव न घातलेलें गोठलेलें रक्त आहे, त्यांच्यासाठीं. असें रक्त आधीं वितळवून मग औषध घालूं नये. वितळतां वितळतांच तें विकर मारणाऱ्या रसायनांत मिसळलें पाहिजे, म्हणजे चोराला हात मोकळे करण्यास अवधि मिळत नाहीं. या युक्तीनें निकामी समजलेले पुष्कळ नमुने वांचूं शकतात.

निरोप किती शाबूत राहिला, हें ठरविण्याचें मापहि आहे. पेशींतील बहुतेक आर. एन. ए. हें दोन मोठ्या ठरावीक लांबीच्या साखळ्यांचें असतें. नमुना विजेच्या प्रवाहानें जाळींतून ओढला, कीं चांगल्या नमुन्यांत या दोन साखळ्यांचे दोन उंच सुळके दिसतात. बिघडलेल्या नमुन्यांत सुळके खचतात आणि लहान तुकड्यांचा पसारा दिसतो. यावरून १ पासून १० पर्यंत गुण देतात. दहा म्हणजे अखंड, एक म्हणजे भुगा. नाजूक कामासाठीं ७ च्या वर गुण असावे अशी साधारण अपेक्षा असते. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. लांब साखळी तुटण्याचा संभव अधिक, आखूड साखळी तरून जाण्याचा संभव अधिक. कांहीं अगदीं चिमुकले निरोप तर प्रथिनांच्या कवचांत बसून बरेच दिवस तग धरतात. म्हणून बिघडलेला नमुना मुका होत नाहीं. तो अर्धवट बोलतो. एक निरोप ऐकूं येतो, दुसरा येत नाहीं, आणि ऐकणाऱ्याला वाटतें कीं, दुसरा मुळांत नव्हताच.

कोऱ्या कागदानें कोणी फसत नाहीं. अर्धा मजकूर पुसलेल्या कागदानें शहाणाहि फसतो. एच. आय. व्ही.ची बाधा असलेल्या रुग्णाला औषध लागू पडतें आहे कीं नाहीं, हें रक्तद्रवांतील विषाणूंचें आर. एन. ए. मोजून ठरवितात. ही मोजणी भारत सरकारनें फेब्रुवारी १९१८ नव्हे, तर अगदीं अलीकडे, म्हणजे फेब्रुवारी २०१८ पासून, सर्व बाधित रुग्णांसाठीं विनामूल्य केली. हा विषाणु आवरणाच्या आंत असल्यानें कांहीं काळ टिकाव धरतो. तरीहि रक्त काढल्यापासून किती वेळांत रक्तद्रव वेगळा करावा आणि किती थंडींत पाठवावा, याचे नियम कसून पाळावे लागतात. ते मोडले आणि आर. एन. ए. झिजलें, तर आंकडा कमी येईल. रुग्ण घरीं समाधानानें जाईल, वैद्यहि निश्चिंत होईल, आणि औषधाला न जुमानणारा विषाणु आंतल्या आंत वाढत राहील. चुकीचा दिलासा हा कित्येकदां चुकीच्या भीतीपेक्षां घातक असतो.

उलट, नीट जपलेल्या नमुन्यानें काय साधतें, याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. पुण्यास १९५२ सालीं विषाणु संशोधन केंद्र निघालें. १९७८ पासून त्याचें नांव राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था असें झालें. १९६३ सालीं कलकत्त्यास चिकुनगुन्याची मोठी सांथ आली आणि १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस ती उद्भवली. त्यानंतर हा रोग तीस वर्षांहून अधिक काळ जणूं विस्मृतींत गेला. मग २००५ च्या अखेरीपासून आंध्र, कर्नाटक व महाराष्ट्र यांत तो असा उसळला कीं, २००६ सालीं देशांत १३ लक्षांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. सांधे धरून बसलेलीं माणसें मराठवाड्यांतील खेड्यापाड्यांत त्या वर्षीं पुष्कळांनीं पाहिलीं.

प्रश्न असा उठला कीं, हा जुनाच विषाणु परत आला कीं नवा? स्मरणानें याचें उत्तर देतां येत नव्हतें, कागदपत्रांनींहि नव्हतें. उत्तर शीतगृहांत होतें. जुन्या सांथींतून वेगळे काढून, वाढवून जपलेले विषाणु पुण्याच्या संस्थेच्या संग्रहांत होते. त्यांच्या आर. एन. ए.ची सुमारें पावणेबारा हजार अक्षरांची साखळी वाचून ती नव्या विषाणूशीं ताडून पाहिली, तेव्हां १९६३ व १९७३ चे विषाणु आशियाई वंशाचे, आणि २००६ चा आफ्रिकी वंशाचा, असें आढळलें. आणखी एक आश्चर्य असें कीं, पुणें जिल्ह्यांतील यवत येथें २००० सालीं डांसांतून मिळालेला विषाणुहि आफ्रिकी वंशाचाच निघाला. म्हणजे पाहुणा सांथीच्या पांच वर्षें आधींच घरांत येऊन बसला होता! ज्यांनीं तो विषाणु २००० सालीं जपून ठेविला, त्यांना त्याचें पुढें होणारें मोल ठाऊक नव्हतें. त्यांनीं फक्त नियमानें काम केलें. विषाणु वाढवून जपणें हें नुसतें रक्त जपण्याहून सोपें, हें खरें. परंतु नोंद आणि थंडी यांची शिस्त दोन्हीकडे एकच.

नुसत्या रक्तद्रवाचेंहि एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. आफ्रिकेंतील किन्शासा शहरीं, ज्याला तेव्हां लिओपोल्डव्हिल म्हणत, १९५९ सालीं एका मनुष्याचें रक्त घेतलेलें होतें. जवळजवळ चार दशकांनीं, १९९८ सालीं, त्यांतील एच. आय. व्ही.चा मजकूर वाचण्यांत शास्त्रज्ञांना यश आलें, आणि या रोगाचा उगम किती मागचा, याचा अंदाज बांधतां आला. पण सबंध मजकूर त्यांना मिळाला नाहीं. हातीं आले ते आखूड आखूड तुकडे. कालानें किती राखलें आणि किती खाल्लें, हें त्या एका नळींत एकदमच दिसून आलें.

थंडी राखणारीं यंत्रेंहि माणसांच्या जागरूकतेवरच चालतात. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्था ही वैद्यकाची जगन्मान्य संस्था. तेथें २०२३ च्या नाताळाच्या सुटींत द्रवरूप नायट्रोजनाचा पुरवठा खंडित झाला. सोळा शीतटाक्या दिवसानुदिवस रिकाम्या राहिल्या, आणि सुमारें तीस वर्षें जमविलेले नमुने नष्ट झाले. श्रीमंत देशांतील संपन्न संस्थेची जर ही कथा, तर जेथें उन्हाळ्यांत वीज जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं, तेथें किती सावध असावें लागेल, हें सांगणें नको. दुसरें जनित्र, धोक्याची घंटा, ती ऐकून रात्रीं उठून येणारा मनुष्य, आणि एकाच व्यक्तीच्या रक्ताचे दोन भाग दोन निराळ्या कपाटांत ठेवण्याची दक्षता, हीं सर्व कपाटाइतकींच आवश्यक आहेत.

याहून स्वस्त आणि तरीहि सर्वांत दुर्लक्षिलेला उपाय म्हणजे चिठ्ठी. रक्त किती वाजतां काढलें, किती वाजतां गोठविलें, मधल्या वेळांत तें कोठें व किती उष्णतेंत होतें, आजवर किती वेळां वितळविलें, या चार गोष्टी नळीबरोबर लिहून ठेविल्या, तर बिघडलेला नमुनाहि फसवीत नाहीं. कारण त्याच्यावर कितपत विश्वास ठेवावा हें वाचणाऱ्याला कळतें. मोठी नळी पुनःपुन्हा वितळवावी लागूं नये, म्हणून आरंभींच रक्ताचे लहान लहान वांटे करून ठेवावे, हाहि तितकाच साधा नियम आहे. घरांतील लोणच्याच्या बरणींत रोज ओला हात घालूं नये म्हणून वापरापुरतें लोणचें वेगळें काढणाऱ्या गृहिणीला हा नियम शिकवावा लागणार नाहीं.

शेवटीं रक्त देणाऱ्याचाहि विचार केला पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ सालीं जे नीतिनियम प्रसिद्ध केले, त्यांत मानवी नमुने सांठविण्याविषयीं स्वतंत्र प्रकरण असून, देणाऱ्याची समजून-उमजून दिलेली संमति त्यांत आवश्यक मानली आहे. संमति म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या शेतमजूर बाईनें मजुरी बुडवून रक्त दिलें, तें तिच्या हयातींत तिला कांहीं उपयोगी पडेलच असें नाहीं. पुढच्या कोणाच्या तरी लेकराला पडेल, या भरवंशावर तिनें तें दिलें. तें रक्त उन्हांत तासभर पडून राहिलें, किंवा त्यावरची चिठ्ठी लिहिली गेली नाहीं, तर तिचें देणें फुकट गेलें. आणि तें फुकट गेल्याचें तिला कधीं कळणारहि नाहीं.

म्हणून शून्याखालीं ८० अंशांचें कपाट आणलें म्हणजे काम झालें, असें कोणत्याहि संस्थेनें मानूं नये. नमुन्याची खरी राखण कपाटाचें दार उघडण्याआधींच्या तासांत आणि दार उघडल्यानंतरच्या मिनिटांत असते. मधलीं वर्षें थंडी सांभाळते. हे तास आणि हीं मिनिटें माणसांनीं सांभाळावयाचीं असतात.